तांबड्या पेन्सिलीतले बेचाळीस आकडे

पुणे, ९ ऑगस्ट १९८८

प्रिय अनंत,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे फाडलं नाहीस, असं धरून लिहितो. रजिस्टरने पाठवतोय, म्हणजे पोचपावतीवर तुझी सही तरी परत येईल. चोवीस वर्षांनी तेवढंही पुष्कळ.

घरचं थोडक्यात सांगतो. सदाशिव पेठेतली जागा सोडून आम्ही बिबवेवाडीला फ्लॅट घेतला. मंदाकिनी बरी आहे. शकू लग्न होऊन नाशिकला असते. माझी नोकरी ३० नोव्हेंबरला संपते, आणि वेधशाळेच्या ज्या तपासणी विभागात आपण दोघं एकाच दिवशी रुजू झालो तिथेच संपते. खिडकीजवळची जी खुर्ची तू पहिल्या दिवशी बळकावलीस ती अजून आहे. हल्ली तिच्यावर फायली बसतात आणि तुझ्यापेक्षा जास्त काम करतात.

आता कामाचं. आमच्याकडे कुसुम पोकळे नावाची शास्त्रज्ञ आली आहे. वय तिशीच्या आत, धायरीच्या शेतकऱ्याची लेक. तिच्याकडे तीन वह्या आहेत. एकीत अरबी समुद्राच्या पाण्याचं तापमान, दुसरीत कोकण किनाऱ्यावर मिळालेली तारली आणि बांगडा, तिसरीत पुणे जिल्ह्यात पिकलेली बाजरी. सोमालियाच्या बाजूचं पाणी कोणत्या साली किती गार होतं, त्यावरून आपल्याकडचा पाऊस, मासळी आणि बाजरी यांचा काही मेळ लागतो का, हे ती बघते आहे. गेल्या साली पावसाने तोंड फिरवल्यापासून तिने हे अंगावरच घेतलंय.

तर या वह्यांत १९६४ च्या ऑगस्टला भोक आहे. त्या साली तिकडच्या समुद्रात जाऊन मोजणारा आपल्याकडचा माणूस एकच होता, आणि त्याचे बेचाळीस आकडे तांबड्या पेन्सिलीने गोल करून बाद केलेले आहेत. तुला सांगायला नकोच.

जुन्या साऱ्या नोंदी आता संगणकाच्या फितीवर चढताहेत. ३१ ऑक्टोबरला यादी बंद होईल. त्यानंतर जे बाद ते कायमचं बाद. नियम असा आहे की बाद नोंद परत घ्यायची तर निरीक्षकाने त्याच वेळी केलेली दुसरी नोंद हवी. तू जहाजावर स्वतःची डायरी ठेवायचास, हे मला आठवतंय. ती असेल तर पाठव.

तुझा पत्ता कुसुमनेच आणला. मासळीचे आकडे घ्यायला ती हर्णैला गेली होती. तिथल्या कोळ्यांनी तिला सांगितलं, हायस्कूलचे रिसबूड सर रोज सकाळी शाळेआधी धक्क्यावरून बादली सोडतात आणि पाण्यात थर्मामीटर घालून वहीत काहीतरी लिहितात. वीस वर्षं झाली, एक दिवस चुकला नाही. कोळी त्याला सरांची पूजा म्हणतात. ती दुपारी तुला भेटायला आली, तेव्हा तू नेमका दापोलीला गेला होतास.

जुनं उगाळायला हे पत्र लिहीत नाही. तुझ्या आकड्यांवरचा तो शेरा वरून आला होता, तुला माहीतच आहे. साहेब आता हयात नाहीत. डायरीचं बघ.

तुझा
शरद


पुणे, ३० ऑगस्ट १९८८

प्रिय अनंत,

पोचपावती मिळाली. ‘अ. वि. रिसबूड’, खाली तारीख, तारखेखाली नेहमीची रेघ. सही मंदाकिनीला दाखवली. ती म्हणाली, "सही आली म्हणजे माणूस आहे. आता खरं लिहा."

"खरंच लिहिलंय की."

"अहो, मी तुमच्याबरोबर बत्तीस वर्षं काढली आहेत. तुमचं खरं किती पानांचं असतं ते मला कळतं. हे दोनच पानांचं आहे."

मी चहा घेतला आणि ऑफिसला गेलो.

परवा कुसुमचे वडील ऑफिसात आले होते. सर्जेराव पोकळे. डोक्याला पटका, हातात घेवड्याच्या शेंगांची पिशवी. लेक बैठकीत होती म्हणून ते माझ्यासमोर बसले. भिंतीवरचा समुद्राचा नकाशा बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, "सायेब, हितं बसून समुद्राचं पानी मोजता व्हय?"

मी म्हटलं, "मोजतात जहाजावरचे लोक. आम्ही ते बरोबर आहे का ते बघतो."

"आन् बरुबर हाय का न्हाई, ते कसं कळतं?"

"बाकीच्या आकड्यांशी जुळलं तर बरोबर."

त्यांनी पुन्हा एकदा नकाशाकडे पाहिलं. मग म्हणाले, "आमी रानातली ओल बगाया मूठभर माती हातात घेतो. तुमी कवा हात घातलाय का समुद्रात?"

अनंत, मी चौतीस वर्षं समुद्राच्या पाण्याचं तापमान तपासतोय. मुंबईला एका लग्नाला गेलो होतो तेव्हा चौपाटीवरून समुद्र पाहिला. मुहूर्त गाठायचा होता म्हणून बूट काढले नाहीत. एवढाच माझा आणि समुद्राचा संबंध. सर्जेरावांना मी सांगितलं, "कामच तसं आहे, सवड नाही मिळाली." ते हसले नाहीत. "मग ऱ्हायलंच की," एवढंच म्हणाले, आणि शेंगांची पिशवी माझ्याच टेबलावर ठेवून गेले.

त्यांचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. तुला आठवत असेल, चौसष्टच्या त्या सागरी मोहिमेच्या यादीत पहिलं नाव माझं होतं. तुझं दुसरं. मी पेटीसुद्धा बांधली होती. नव्या स्वेटरची तू थट्टा केली होतीस, की विषुववृत्तावर कोणाला दाखवणार म्हणून. मग डॉक्टरांनी माझ्या डाव्या कानात काहीतरी शोधून काढलं, बोटीवर तोल जाईल म्हणाले, आणि माझं नाव खोडून तुझं लिहिलं. तुला स्टेशनवर पोचवायला मी आलो होतो. हार मीच आणला होता.

त्यावेळी मला वाईट वाटलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, मंदाकिनीलाही नाही. तिला ते ठाऊक आहे, ही गोष्ट वेगळी.

आणखी एक आठवतं. तू परत आलास, महिन्याभराने तुझ्याकडे खुलासा मागितला गेला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तू मला ऑफिससमोरच्या हॉटेलात घेऊन गेलास. दोन चहा सांगितलेस. खांद्याच्या कापडी पिशवीतून निळं काहीतरी अर्धं बाहेर काढलंस आणि विचारलंस, "शरद, तो शेरा कोणी लिहिला?"

मी म्हटलं, "साहेबांनी."

ते निळं जे काही होतं ते तू परत पिशवीत सारलंस. चहा संपवलास, माझ्या कपाखालची बशी सरळ केलीस आणि निघून गेलास. आठवड्याने तुझा राजीनामा आला. त्यानंतर आपण बोललेलो नाही.

डायरी असेल तर पाठव. नसेल तर ‘नाही’ एवढं तरी कळव.

शरद


पुणे, २१ सप्टेंबर १९८८

अनंत,

दुसरीही पोच आली. सही, तारीख, रेघ. तू मला उत्तर का देत नाहीस, ते मला कळतं. उत्तर द्यावं असं मी अजून काही लिहिलंच नाही. गल्लीतल्या मांडवात कर्णा चालू आहे, तरी बसलोय. आज लिहिलं नाही तर पुन्हा धीर होणार नाही.

शेरा मी लिहिला होता.

साहेबांनी नुसती सही केली. त्यांनी तर विचारलंही, "मेहेंदळे, खात्री आहे ना? पोरगा बरा वाटतो." मी म्हटलं, "आकडेच सांगताहेत, सर."

आकडे काय सांगत होते ते तुला मुद्दाम सांगतो, कारण तुला फक्त शेरा दाखवला गेला, त्यामागचं माझं डोकं नाही. आमच्या तक्त्यात त्या भागाची ऑगस्टची सरासरी पंचवीसच्या आसपास होती. तुझ्या नोंदवहीत साडेसतरा, सतरा, एके ठिकाणी तर सोळा. विषुववृत्ताजवळ, ऑगस्ट महिन्यात, महाबळेश्वरच्या हिवाळ्यासारखं पाणी! सरासरीपासून पाचाच्या वर फरक पडला की गोल करायचा, हा नियम. इथपर्यंत माझी चूक नाही. नियमाने जे केलं ते केलं.

पण नुसत्या गोलाने माणूस बदनाम होत नाही. थर्मामीटर बिघडला असेल असं लिहून नोंदी बाजूला ठेवता आल्या असत्या. शेरा वेगळाच होता. तू चौदा ठिकाणी पाणी काढलंस आणि प्रत्येक ठिकाणी एकाच वेळेसमोर तीन-तीन आकडे लिहिलेस. सूचना एकदाच बादली टाकण्याची. आणि एखादा अपवाद सोडता तिन्ही आकडे तेच. ते पाहून मी लिहिलं की समुद्र तीनदा एकच आकडा देत नाही. निरीक्षकाने बादली न टाकता केबिनमध्ये बसून रकाने भरलेले दिसतात. इंग्रजीत लिहिलं होतं, त्यामुळे आणखी साळसूद दिसत होतं.

लिहिताना मला ते पटलं होतं का? चोवीस वर्षं मी स्वतःला सांगत आलो की हो, पटलं होतं. पण माझ्या टेबलाच्या डाव्या हाताला जुन्या नकाशांचं कपाट होतं. गलबतांच्या काळातल्या एका नकाशावर त्याच किनाऱ्याजवळ बारीक अक्षरात लिहिलेलं आहे की पावसाळ्याच्या महिन्यांत इथे पाणी गार लागतं. रुजू झालो त्या वर्षी तो नकाशा आपण दोघांनी मिळून पाहिला होता. शेरा लिहिताना मला तो आठवला. कपाट दोन हातांवर होतं. मी उठलो नाही.

का उठलो नाही? कारण तिथे मी असायला हवा होतो. माझी पेटी बांधलेली होती. तू माझ्या जागेवर गेलास आणि परत आल्यावर सगळ्या विभागाला गोष्टी सांगत सुटलास: उडणारे मासे, पाण्यावर तरंगणारे मेलेल्या माशांचे थवे, ऑगस्टात डेकवर स्वेटर घालावा लागला ते. स्वेटरचं नाव काढलंस तेव्हा सगळे हसले. मीही हसलो आणि टेबलावर येऊन पेन्सिलीला टोक केलं.

तुला मी खोटं ठरवलं, आणि खोटं ठरवून झाल्यावर हॉटेलात तुझ्या तोंडावर खोटं बोललो. मी तुझा अपराधी आहे. यापुढे साहेबांचं नाव यात घेणार नाही.

डायरीविना दुसरा एक रस्ता आहे. ज्याने नोंद बाद केली त्याने स्वतः लेखी कारण देऊन शेरा मागे घेतला, तर समितीपुढे विषय जाऊ शकतो. त्यासाठी मला कुसुमला सांगावं लागेल की तो ‘अज्ञात तपासनीस’ मी. ती रोज त्या माणसाचा उद्धार करते. काल म्हणाली, "सर, कुठला बिनडोक होता हो हा? सलग चौदा ठिकाणी गार पाणी, हळूहळू उतरत गेलेलं. केबिनमध्ये बसून असं सुचतं का कुणाला?" मी चष्मा पुसला. तिला सांगायचं धाडस अजून झालेलं नाही. तुला लिहिलं, ते तू दूर आहेस म्हणून जमलं.

शरद


पुणे, १९ ऑक्टोबर १९८८

प्रिय अनंत,

सोमवारी पार्सल आलं. आत चिठ्ठी असेल म्हणून पाकीट झटकलं, कागद उलटेपालटे केले. चिठ्ठी नव्हती. निळ्या रेक्झिनची डायरी होती.

निळा रंग पाहिला आणि मी खुर्चीवर बसलो. मंदाकिनीने पाणी आणून दिलं.

डायरी मी घरी उघडली नाही. भ्यालो, असंच म्हण. बंदच ऑफिसला नेली आणि कुसुमच्या हातात दिली. तिने आनंदाने टेबलावरचं सगळं बाजूला सारलं. नोंदवही एका बाजूला, तुझी डायरी दुसऱ्या बाजूला, आणि ती एकेक तारीख लावायला लागली. जुळत होतं. वेळ, वारा, बादलीच्या दोराची लांबी, सगळं तू लिहिलेलं. मग तीन ऑगस्टच्या पानावर ती थांबली आणि मोठ्याने वाचायला लागली:

"दुपारी सव्वातीन. पाणी साडेसतरा. माझा मलाच विश्वास बसेना. थर्मामीटर बदलला. पुण्यात शरद हे मानणार नाही, म्हणेल बादली डेकवर विसरलास. म्हणून पुन्हा टाकली. साडेसतरा. पुन्हा टाकली. साडेसतरा. आता यापुढे सगळीकडे तीनदा टाकणार. त्याने हजार शंका काढाव्यात, आकडा हलता कामा नये. परत गेलो की त्याला सांगायचं, बाबा रे, तू आला असतास तर दोर ओढायला तरी मदत झाली असती."

कुसुमने वर पाहिलं. "सर, हा शरद कोण?"

ऑफिसात मला सगळे मेहेंदळे म्हणतात, सर म्हणतात, पाठीमागे काय म्हणतात ते मला माहीत आहे. शरद म्हणणारा तू गेल्यावर तिथे कोणी उरलं नव्हतं.

मी म्हटलं, "मी. आणि ती तांबडी पेन्सिलही माझीच."

 मला वाटलं, आता ती बोलली तर बरं होईल, दोन शब्द ऐकवेल आणि मोकळी होईल. तिने डायरी अगदी हळू बंद केली. मग कोरा कागद काढून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "तुम्हीच लिहा. आजच्या तारखेने. सही नावासकट करा, आद्याक्षरं नकोत."

लिहिलं. यावेळी मराठीत लिहिलं. ज्या तीन सारख्या आकड्यांवरून निरीक्षकाला मी खोटा ठरवला, ते तीन आकडे त्याने माझ्यावरच्या विश्वासाने घेतले होते. मी शंका काढीन आणि शंका फिटली की त्याच्या बाजूने उभा राहीन, असं त्याला वाटलं होतं. नियमात अशा मजकुराला जागा नाही. कुसुम म्हणाली, "राहू दे, खोडू नका."

संध्याकाळी घरी आल्यावर हॉटेलातली ती दुपार नव्याने समजली. खुलासा मागताना तुला नोंदवहीतलं ते पान दाखवलं होतं ना? शेरा टंकलेला होता, पण वर्तुळं पेन्सिलीची होती. माझं वर्तुळ कधी पूर्ण मिटत नाही. दहा वर्षं शेजारी बसून तू त्याची थट्टा केली होतीस. म्हणजे विचारलंस तेव्हा तुला माहीत होतं. डायरी दाखवायलाच आणली होतीस. मी ‘मीच’ म्हटलं असतं तर तू ते पान उघडून माझ्यासमोर धरलं असतंस, मी मान खाली घातली असती, तू शिव्या दिल्या असत्यास, आणि चार वाजता आपण दोघं मिळून साहेबांच्या खोलीत गेलो असतो. एवढंच व्हायला हवं होतं. मी म्हटलं, साहेबांनी. त्यानंतर कुणाला काय दाखवणार तू?

नोकरी गेल्याचं दुःख तुला किती झालं ते मला माहीत नाही. पण त्या दिवशी तू माझ्या कपाखालची बशी सरळ केलीस, ते मला आता सहन होत नाही.

शरद


पुणे, १४ नोव्हेंबर १९८८

प्रिय अनंत,

यादी बंद झाली. बेचाळीसच्या बेचाळीस नोंदी आत आहेत. समितीने तुझ्या डायरीच्या पानांची प्रत जोडून घेतली आणि माझ्या कागदाची सुद्धा. फितीवर निरीक्षकाचं नाव असतं. मी दोनदा खात्री करून घेतली, अ. वि. रिसबूड असंच आहे. कुसुमच्या वहीतलं चौसष्टचं भोक भरलं. मेळ लागतो की नाही ते ती इतक्यात सांगत नाही. म्हणते, अजून पुष्कळ वर्षांचे आकडे हवेत, आणि हर्णैच्या धक्क्यावरच्या वीस वर्षांच्या वह्या सर देतील का ते तुम्ही विचारा. मी म्हटलं, विचारायचा अधिकार मला नाही, तू विचार. ती तुला वेगळं लिहील. मुलगी सरळ आहे. तिला उत्तर दे.

माझ्याशी ती पूर्वीसारखी बोलत नाही. कामापुरतं बोलते. बरोबरच आहे तिचं.

निरोपसमारंभ नको म्हणून मी कळवलं होतं, पण ऑफिसला तो करायचाच असतो. शाल, नारळ, आणि माझ्या काटेकोर तपासणीबद्दल कोणीतरी चार शब्द बोलेल. ते मला बसून ऐकावे लागतील.

डायरी पोस्टाने पाठवायला मन घेत नाही. एकदा गहाळ झाली तर ती तुला परत कुठून आणून देणार? म्हणून मी घेऊन येतोय. शुक्रवार, २ डिसेंबर. स्वारगेटहून सकाळची दापोली गाडी, तिथून हर्णै. मंदाकिनी म्हणाली, "मी येणार नाही. हे तुम्ही एकटे जाऊन करायचं काम आहे." तिने बॅगेत स्वेटर घातलाय. तोच. इतकी वर्षं तिने तो डांबराच्या गोळ्या घालून ठेवला होता, मला पत्ता नव्हता.

मुक्काम धक्क्याजवळच्या लॉजवर करीन, तुझ्या दारात येणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तू नेहमीप्रमाणे धक्क्यावर येशील तेव्हा मी तिथे असेन. तुला बोलायचं नसेल तर बोलू नकोस. डायरी तुझ्या पिशवीजवळ ठेवीन. तू बादली टाक, आकडा वाच, मी शंका काढणार नाही.

आणि चालणार असेल तर दोर मी ओढीन. बादली वर आली की थर्मामीटर घालायच्या आधी एकदा त्या पाण्यात हात घालू दे. सर्जेरावांना सांगायचंय.

तुझा
शरद